चार नंबरच्या केबिनमधली बाई

अजूनही कुणी नवं माणूस भेटलं आणि मी कोणत्या कामात आयुष्य काढलं हे त्याला कळलं, की आधी त्या आगगाडीच्या सिनेमाबद्दल विचारतं. प्रश्न ठरलेले. आतून कडी लावलेल्या केबिनमधून खुनी बाहेर कसा पडला, तसं खरंच जमतं का? चहाच्या कपात अंगठी पडते तेव्हाचा तो आवाज कशाचा? आणि जेवणाच्या डब्यात ती म्हातारी साक्ष देते, तेव्हा तिचे विणणारे हात एवढा वेळ का दाखवलेत?

पहिल्या दोन प्रश्नांना मी मजेत उत्तर देते. कडी बाहेरून दोऱ्यानं ओढली होती आणि चौदा वेळा दोरा तुटला होता. अंगठीचा आवाज अंगठीचा नव्हताच. काचेच्या बाटलीवर खिळा टेकवला होता. तिसऱ्या प्रश्नाला मात्र मी इतकी वर्षं चहा टाकायला उठत आले. आता ज्यांना वाईट वाटलं असतं ती माणसं राहिली नाहीत, आणि मीही त्या म्हातारीच्या वयाची झाले. तेव्हा एकदा सांगून टाकते.

ती म्हातारी म्हणजे माझी मावशी. सख्खी, आईची मोठी बहीण. मी तेरा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मावशीनंच मला वाढवलं. चाळीस वर्षं तिनं रंगमंचावर आणि पडद्यावर कामं केली होती. घरमालकीण, खाष्ट सासू, शेजारीण, नर्स, पुन्हा घरमालकीण. तिचं पाठांतर असं, की नाटकातला दुसरा कुणी अडला तर ही आपलं वाक्य म्हणता म्हणता त्याचंही त्याच्या तोंडात घालायची. पण सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर तिचं नाव कायम सात-आठ जणांच्या घोळक्यात. ह्या सिनेमात पहिल्यांदा ते एकटं येणार होतं.

"एकटं म्हणजे कसं, ठाऊक आहे?" ती मला पोळी वाढता वाढता सांगायची. "कुणाच्या खाली नाही, कुणाच्या शेजारी नाही. सगळा पडदा रिकामा आणि मधोमध मी."

"काम तर पुरं कर आधी."

"करते की. मेले नाही अजून."

ह्या एका गोष्टीत तिचा जीव अडकला होता, आणि काम पुरं केलं तरच ती मिळणार होती. तिला मधेच काढून दुसरी कुणी आणली असती, तर पाटीवर दुसरीचं नाव. म्हणून मी जे केलं ते केलं.

मी त्याच सिनेमात कामाला होते. बावीस वर्षांची. माझं काम वहीचं. सिनेमातला एक प्रसंग कधीच सलग घेत नाहीत. आज समोरून, उद्या बाजूनं, परवा फक्त हात. पडद्यावर मात्र तो अखंड दिसायला हवा. त्यामुळे कुणी कप कोणत्या हातात धरला, कोणत्या शब्दाला मान वळवली, मेणबत्ती किती जळली होती, कोटाचं कितवं बटण उघडं होतं, हे सगळं टिपायला एक माणूस लागतं. एकच प्रसंग चार-पाच वेळा घेतात, त्यातला कोणता तुकडा घ्यायचा आणि कोणता टाकायचा हेही तेच माणूस लिहितं. तुकडे जोडणारा संकलक त्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. मला नावानं कुणी हाक मारत नसे. साहेब, म्हणजे आमचे दिग्दर्शक, ओरडायचे, "ए वही!" आणि मी पळायचे.

ती गाडी कधी एक वीतही पुढे गेली नाही. एका मोठ्या शेडमध्ये लाकडी डबा बांधून ट्रकच्या स्प्रिंगांवर ठेवला होता. खाली दोन लांब ओंडके घातले होते. सुतारमामा शिट्टी वाजवायचे, की सहा माणसं ओंडके दाबायची आणि डबा डुलायला लागायचा. खिडकीबाहेर रंगवलेल्या कापडाचा लांब गुंडाळा फिरायचा, त्यावर शेतं, खांब, आणि एक वाकडं झाड. ते झाड दर चाळीस सेकंदांनी यायचं. स्टेशन गेल्यासारखं वाटावं म्हणून एका चाकाला सहा दिवे बांधले होते; चाक फिरवलं की प्रवाशांच्या चेहऱ्यांवरून उजेडाचे पट्टे पळायचे. आत उकाडा इतका, की डिटेक्टिव्हची खोटी मिशी तासाभरात एका बाजूनं सुटायची. त्यामुळे त्या नटाला सगळे मिशाच म्हणायचे. स्वभावानं चांगला होता, फक्त स्वतःवर फार प्रेम.

गोष्ट सोपी होती. लांबच्या पल्ल्याच्या गाडीत एका श्रीमंत विधवेचा खून होतो. केबिनला आतून कडी. गार्डवर संशय, कारण गार्डच्या कपड्यातला माणूस तिथून जाताना दिसलेला असतो. चार नंबरच्या केबिनमधली म्हातारी कायम विणत बसलेली असते, तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही. शेवटी जेवणाच्या डब्यात सगळ्यांना एकत्र बसवलं जातं आणि तिची साक्ष होते. ती सांगते, एक लहान स्टेशन मागे पडताना दिव्यांच्या उजेडात मी त्याला पाहिलं, कपडे गार्डचे होते, पण बटणं तो डाव्या हातानं लावत होता. तिथून सगळं उलगडतं.

दोन महिने आधीपासून मावशी घरात विसरायला लागली होती. नळ चालू ठेवायची. मला आईच्या नावानं हाक मारून "अगंबाई, तू होय" म्हणायची. एकदा विणकाम पावाच्या डब्यात सापडलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा सापडलं तेव्हा मी एकटीच हसले, आणि तेही तिच्यासाठी.

मग चष्म्याचा दिवस उजाडला. प्रसंग साधा होता. मावशी केबिनच्या दारात विणत बसली आहे, समोरून एक डॉक्टर प्रवासी जातो, ती चष्मा काढून त्याच्याकडे बघते. आदल्या दिवशी समोरून चार तुकडे घेतले होते. तीन तुकड्यांत तिनं चष्मा काढला होता, एकात विसरली होती. दुसऱ्या दिवशी बाजूनं घेताना तिनं काढलाच नाही. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही.

"बाई, चष्मा," साहेब म्हणाले. मोठ्यानं नाही, पण दमून.

"काल नव्हता काढला मी," मावशी ठासून म्हणाली.

"ए वही! काल काढला होता की नाही?"

सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. मिशा, कॅमेरामन काका, ओंडक्यावरची सहा माणसं. मावशीही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तो भाव मी आधी कधी पाहिला नव्हता. फळ्यापुढे उभं केलेल्या मुलीसारखी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नव्हता काढला," मी म्हणाले.

"मग ठीक. तसंच करा."

दुपारी जेवताना मी वही उघडली. चष्मा काढलेल्या तीन तुकड्यांवर फुली मारली आणि विसरलेल्यापुढे 'उत्तम' लिहिलं. आमच्या धंद्यात ह्याहून मोठा गुन्हा नाही. नट चुकला तर पुन्हा घेता येतं, दिवा फुटला तर बदलता येतो. वही चुकली तर कुणाला कळतसुद्धा नाही की काहीतरी चुकलंय.

एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. तिनं पिशवी उजव्या हातात धरली, की मी म्हणायचे कालही उजव्याच हातात होती. ती उठायचं विसरली, की मी इतरांना बसवायचे. एका चुकलेल्या बाईला सांभाळायला मी अख्ख्या गाडीला चुकायला लावत होते. कुणाला संशय येत नव्हता. मिशा तेवढा कुरकुरायचा.

"माझा दुसरा तुकडा तू टाकलास म्हणे? अगं, त्यात मी भुवई अशी वर केली होती! अशी!"

"भुवई छान होती, पण तुमची मिशी सुटलेली."

"कुठे सुटलेली?"

"डावीकडे."

तो बिचारा आरशाकडे धावायचा. मिशी मुळीच सुटलेली नसायची. मला रोज वाटायचं, आज संकलक येणार, वही माझ्यापुढे आपटणार. शेडचं दार वाजलं की मी वही मिटायचे. रिकाम्या वेळात मला एका जागी बसवेना. ओंडक्यांपासून दिव्यांपर्यंत, दिव्यांपासून कपड्यांच्या खोलीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. सुतारमामा एकदा म्हणाले, "पोरी, गाडी आम्ही हलवतो, तू कशाला हलतेस?"

विणकामाचा वेगळाच ताप. गोष्ट पुढे सरकते तसा तिच्या हातातला गळपट्टा वाढायला हवा, म्हणून मी तीन लांबीचे विणून ठेवले होते: एक वीत, दोन वीत, चार वीत. विणायला मला मावशीनंच शिकवलं होतं, त्यामुळे टाके तिचेच दिसायचे. पण तिला रिकामं बसायची सवय नाही. वाट बघता बघता ती विणत सुटायची. एकदा दिव्यांची काहीतरी भानगड झाली, दोन तास गेले, आणि खून व्हायच्या आधीच वीतभर गळपट्टा तीन वीत झाला. रागानं मी सगळं उसवायला बसले.

"एवढं चांगलं विणलेलं उसवतेस?"

"मावशी, अजून बाई मेली नाही. ती मेल्यावर एवढं लांब व्हायला पाहिजे."

"मग मारा की तिला लवकर. मी काय तिच्यासाठी थांबू?"

हे ती हसवायला म्हणाली, की तिला खरंच कळलं नव्हतं? असल्या प्रश्नांनी माझं डोकं तेव्हा सतत भुणभुणायचं.

साक्षीचा दिवस आला. दीड पान बोलणं. मी तिला महिनाभर पाठ करून घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता तिनं ते घडाघडा म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वर मलाच म्हणाली, "काय गं, घाबरलीस का? रंग उडालाय तुझा."

साहेबांना तो प्रसंग न तोडता घ्यायचा होता. जेवणाच्या डब्यात सगळे प्रवासी बसले. मावशी खिडकीपाशी, हातात चार वितींचा गळपट्टा. मी कॅमेऱ्याच्या शेजारी पालथ्या खोक्यावर, मांडीवर वही. सुतारमामांनी शिट्टी दिली. डबा डुलायला लागला, कपबशा किणकिणल्या, कापड फिरलं, दिव्यांचं चाक सुरू झालं.

"तुम्ही काय पाहिलंत?" मिशानं विचारलं.

"मला झोप येत नाही गाडीत," मावशी म्हणाली. "मी आपली विणत बसले होते." हे बरोबर. दोन वाक्यं बरोबर. तेवढ्यात तिच्या तोंडावरून उजेडाचा पट्टा गेला. तिनं खिडकीकडे बघितलं. आणि बघतच राहिली.

"हे कोणतं स्टेशन गेलं?"

हे कागदावर नव्हतं. मिशा हुशार, तो डगमगला नाही. "लहानसं होतं. तुम्ही बोला."

"अहो, असं कसं? मला उतरायचं होतं." ती सुया गोळा करायला लागली. "बहीण आली असेल न्यायला. ती एकटी नाही, तिच्याबरोबर लहान मुलगी आहे. तिला फार वेळ उभं राहवत नाही. तुम्ही जरा साखळी ओढता का?"

ती उठली. डबा डुलत होता, तिचा तोल गेला, मिशानं तिचं कोपर धरलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग इतर प्रवाशांकडे, एकेकाच्या चेहऱ्याकडे, ओळखीचं कुणी सापडतंय का ते बघत. शेवटी हळूच म्हणाली, "बसते मग. पुढचं आलं की सांगा हं." आणि बसली. कॅमेऱ्यातली फिल्म संपली तशी ती फटफट वाजायला लागली.

मग टाळ्या पडल्या. ओंडके सोडून ती सहा माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. टाळ्या ऐकल्या आणि मावशीची पाठ आपोआप ताठ झाली, मान जराशी लवली. चाळीस वर्षांची सवय.

साहेब डब्यात चढले. त्यांचे डोळे भरले होते. "बाई, हे कुठून आणलंत? ह्या म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि मग तीच खरं सांगते! आम्हा कुणाला सुचलं नसतं!"

"सुचलं खरं," मावशी म्हणाली. तिला काहीही कळलं नव्हतं, हे शेडमध्ये फक्त मला दिसत होतं.

"आता चहा घ्या. मग हेच जवळून घेऊ, आधी चेहरा, नंतर हात. अगदी असंच, एक बोट इकडचं तिकडे नको. ए वही, सगळं टिपलंस ना?"

टिपलं होतं. मन नको नको म्हणत असताना हातानं सवयीनं सगळं टिपलं होतं. 'खिडकी, चार सेकंद. डावी सुई आधी उचलते. बहीण म्हणताना हसते.'

मी मावशीला कपड्यांच्या खोलीत नेलं, दार लावलं. तिनं शाल काढून घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मी काय केलं गं आत्ता? सगळे एवढे खूश का झाले?"

आणि मी, मला आजही लाज वाटते, वही उघडली. म्हटलं, तीन आठवडे निभावलंय, आजचा दिवसही निभावू. तिला ते संवाद म्हणून शिकवू. "आधी खिडकीकडे बघितलंस," मी म्हणाले. "मग म्हण, हे कोणतं स्टेशन गेलं."

"हे कोणतं स्टेशन गेलं?" तिनं लगेच म्हटलं. सुरेख म्हटलं.

"मला उतरायचं होतं. बहीण आली असेल न्यायला."

"मला उतरायचं होतं. बहीण आली असेल…" ती थांबली. "कोणती बहीण? ह्या म्हातारीला गोष्टीत बहीण कुठे आहे?"

मी वहीत बघत राहिले.

"पुढे काय आहे?"

"पुढे… तिच्याबरोबर लहान मुलगी आहे."

मावशी खुर्चीवर बसली. बराच वेळ शालीच्या गोंड्याशी खेळत राहिली. बाहेर सुतारमामा कुणाला तरी तेलाचा डबा आणायला सांगत होते.

"ती तू," ती म्हणाली. "तुमच्याकडे यायचे तेव्हा तुम्ही दोघी यायच्यात मला न्यायला. तुझे पाय दुखायचे." मग वर बघून, "कधीपासून खोटं लिहितेस वहीत?"

"तुला माहीत होतं?"

"चष्म्याच्या दिवशीच कळलं. चष्मा काढला होता मी, नंतर आठवलं मला. पण म्हटलं, असेल, पोरीच्या हातून चुकलं असेल. मी विसरतेय असं मानण्यापेक्षा तू कामात कच्ची आहेस असं मानणं बरं वाटायचं." ती हसली. "रोज मनात तुला शिव्या द्यायचे. एवढं शिकवलं आणि हिला साधं बघता येत नाही!"

मला रडू फुटलं. तिनं मला जवळ घेतलं नाही. ती तशी नव्हतीच. म्हणाली, "हे बघ, मला म्हातारीचं काम दिलंय, ते मी करीन. पण माझ्या घरातलं दुःख पुन्हा पुन्हा करून दाखवणार नाही. एकदा झालं ते झालं. जा, सांग त्याला."

"तू चल ना."

"मी गेले तर दोन वाक्यांनंतर अडकेन, आणि त्या शहाण्याला तोही अभिनय वाटेल. तूच जा."

साहेब कॅमेरामन काकांबरोबर चहा पीत उभे होते. मी वही त्यांच्या हातात दिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चष्मा, पिशवी, उठणं, बसणं. एकोणीस ठिकाणी खोटं लिहिलं होतं, ती एकोणीस पानं दाखवली. त्यांनी एकेक पान बघितलं. चेहरा काळाठिक्कर पडत गेला.

"तू मला आंधळं केलंस," ते म्हणाले. "तीन आठवडे मी तुझ्या डोळ्यांनी बघतोय."

"बाईंना काढू नका. मला काढा."

"तुला विचारलंय मी?" ते इतक्या जोरात ओरडले की मिशा आरशाकडे धावला. ते चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. काकांनी कप खाली ठेवला.

"चेहरा मिळालाय आपल्याला," काका शांतपणे म्हणाले. "एवढा चांगला पुन्हा मिळणार नाही. राहिले हात आणि बोलणं. बोलणं वेगळं घेता येईल, बाहेर खुर्चीवर बसवून, एकेक वाक्य. हलणारा डबा नको, दिवे नकोत. आणि हात…" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विणता येतं ना तुला? तिच्यासारखं?"

"तिनंच शिकवलंय."

साहेबांनी वही माझ्या अंगावर फेकली. "हा सिनेमा संपला की मला तोंड दाखवू नकोस. आत्ता हात धुवून ये."

"आणि ते बहिणीचं बोलणं? ते नका ना ठेवू, साहेब."

"ते मी ठरवीन," ते म्हणाले आणि पाठ फिरवली.

माझ्या हातांना रंग लावला, शिरा काढल्या, नखांवर पिवळट लेप दिला. मावशीची शाल पांघरून मी तिच्या जागी बसले. कॅमेरा माझ्या मनगटांवर. मावशी खोक्यावर, माझ्या जागी. डबा डुलायला लागला तशी ती जरा बावरली, पण नजर हातांवर ठेवून बसली.

"कोपर वर," ती म्हणाली. "सुई आहे ती, झाडू नाही. मी अशी धरते का?"

"अशीच धरतेस."

"मुळीच नाही. करंगळी बघ कशी काढलीय, राजघराण्यातली असल्यासारखी. आणि श्वास घे. हात कुठून हलायला लागतात ठाऊक आहे? श्वास कोंडला की."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत, पण ओंडक्यावरच्या माणसांना म्हणाले, "हळू डुलवा, बाई सांगतायत ते ऐकू द्या." सात वेळा घेतलं. दुसऱ्या दिवशी बाहेर साध्या खुर्चीवर बसवून तिचं बोलणं घेतलं. मी वाक्य सांगायचे, ती म्हणायची. मी सपाट सांगायचे, तिच्या तोंडून ते उजळून यायचं. 'बटणं तो डाव्या हातानं लावत होता' हे तिनं एकदाच म्हटलं, आणि काकांनी मान खाली घातली.

मला काढलं. दुसऱ्यांनी घेतलं, ती वेगळी गोष्ट. त्या एकोणीस जागा संकलकानं कशाबशा जुळवल्या. पण बहिणीच्या बोलण्याचं काय झालं ते मला कुणी सांगेना. सहा महिने विचारलं. साहेब भेटले नाहीत, संकलक म्हणाला विचारू नकोस.

पहिला खेळ दुपारचा होता. तोवर मावशी बरीच उतरली होती. कधी मी मी असायचे, कधी आई. थिएटरमध्ये नेऊ नये असं शेजारीण म्हणाली, पण नाव एकटं येणार होतं. मी तिला नेलं. दिवे मालवले. ती स्वतःला तिथे हरवलेली बघेल, सगळ्या लोकांसमोर बहिणीची वाट बघताना, आणि इथे अंधारात मी काय करू? उठून तिला बाहेर नेऊ? खुर्चीच्या कडेवर बसून मी दाराची वाट नजरेनं मोजत होते.

नावं आली. घोळका गेला, मिशा गेला. मग पडदा रिकामा झाला आणि मधोमध तिचं नाव. तिनं ते हळू वाचलं, अक्षर अक्षर. "माझंच आहे," ती म्हणाली. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी शुक् केलं. "शुक् काय, माझं नाव आहे ते!" ती त्यालाच म्हणाली.

कडी आली, अंगठी आली. लोक ओरडले. मग जेवणाचा डबा. मी तिचं मनगट धरलं.

मिशानं विचारलं. मावशीनं दोन वाक्यं म्हटली. उजेडाचा पट्टा गेला. तिनं खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे कोणतं स्टेशन गेलं?"

आणि चेहरा गेला. पडद्यावर हात आले. सुया चालत होत्या, एक टाका, दुसरा टाका, आणि तिचा आवाज सांगत होता, लहान स्टेशन होतं, दिव्यांचा पट्टा आला, त्या उजेडात मी त्याला पाहिलं. बहीण नाही, लहान मुलगी नाही. साहेबांनी एक प्रश्न तेवढा ठेवला होता, आणि तो असा चपखल बसला होता की जणू तो विचारण्यासाठीच ती म्हातारी गाडीत चढली होती. पुढचे हात संपतच नव्हते. त्या कापलेल्या जागा भरायला त्यांना ते तेवढे लांबवावे लागले असणार. लोक मात्र पुढे वाकून बघत होते.

"बघ," मावशी माझ्या कानाशी म्हणाली. "हात कसे स्थिर आहेत माझे. ह्या वयात."

"हो गं."

"तू शीक जरा. तुझी करंगळी बाहेर येते."

"शिकते."

आवाज डाव्या हाताशी पोचला. सगळं थिएटर एकदम सरसावून बसलं. प्रवाशांमधल्या एकेकाच्या हातांवरून कॅमेरा सरकायला लागला. मावशीनं माझा हात आपल्या हातात घट्ट पकडला.

"कोण असेल गं?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडे वळले. ह्या सगळ्या गाडीत तिनंच त्याचा डावा हात पाहिला होता, तिच्या साक्षीवर तो पकडला जाणार होता, आणि तिचे डोळे पडद्यावर खिळले होते, दहा वर्षांच्या मुलीसारखे.

"सांगू?"

"नको, नको!" ती म्हणाली आणि खुर्चीत पुढे सरकली. "मला बघू दे."